तेलाची माद्रीना

योवानाच्या हातात मक्याच्या गरम आपीचा पेला होता आणि पहिला घोट अजून ओठांना लागायचा होता, तेवढ्यात तिच्या पाठीमागे एका मिनीबसचं इंजिन चालू झालं.

चालू झालं म्हणजे… खडखडलं. पत्र्याच्या डब्यात मूठभर खिळे टाकून कुणी तो हलवावा, तसं.

जूनमधली पहाट, म्हणजे तिथे ऐन हिवाळ्यातली. व्हिया फातिमाच्या चढावर गटाराच्या कडेने काचेसारखा बर्फ धरला होता. खालच्या उबदार युंगास खोऱ्यांकडे उतरणाऱ्या मिनीबस रांगेत धूर सोडत उभ्या होत्या. माणसं हातांवर फुंकर घालत होती, आणि आपीवालीच्या कढईत पिठाचे फुगे तळले जात होते. त्या सगळ्या गोंगाटात योवानाचे कान फक्त त्या एका इंजिनाकडे लागले. ती मनात मोजायला लागली. तीन झाले, चार झाले, सात झाले… तेल वर चढायला एवढा वेळ लागत नाही. दहाला तिने पेला फळीवर ठेवला, तरातरा गेली आणि त्या मिनीबसच्या बॉनेटवर तळहात आपटला.

"बंद करा."

खिडकीतून कानटोपी घातलेलं एक डोकं बाहेर आलं. "माझ्याशी बोलताय?"

"नाही, तुमच्या इंजिनाशी. बिचारं केव्हाचं ओरडतंय, ऐकणारं कुणी नाही."

आतले उतारू हसले. ड्रायव्हरने मात्र किल्ली फिरवून इंजिन खरोखरच बंद केलं, आणि योवाना क्षणभर गडबडली. कुणी तिचं पहिल्या झटक्यात ऐकावं, याची तिला सवय नव्हती. मग तिला त्या गडबडण्याचाच राग आला. तिने बॉनेट उचललं, ऑईलची पट्टी ओढली, टोकाचं तेल दोन बोटांत घासलं. काकवीसारखं. बोटं सोडेना.

"वीस-पन्नास," ती म्हणाली. एखाद्या आजाराचं नाव घ्यावं तसं.

"नुसत्या बोटांनी ओळखलंत?"

"कुठल्या शहाण्याने घातलं हे?"

"माझ्या काकांनी." तो खाली उतरला होता. उंच, किडकिडीत, आणि हसताना डावा डोळा आधी बारीक होणारा. "ते या गाडीचे पाद्रीनो आहेत. तेलाचे."

आता यावर काय बोलणार? तिथे गाडी एकट्याने कुणी घरी आणत नाही. टायरांचा पाद्रीनो, म्हणजे मानलेला बाप, वेगळा, सीटकव्हरांचा वेगळा, तेलाचा वेगळा. ज्याने जे दिलं, ते त्याच्या नावाने गाडीच्या अंगाला लागतं, आणि देणारा घरातलाच एक होतो. त्याच्या वस्तूला नाव ठेवणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं.

योवानाने तरीही ठेवलं. काका राहतात कुठे, असं तिने विचारलं. सांता क्रूझला, म्हणाला, तीस वर्षं ट्रक चालवतात. मग ती त्याला म्हणाली की सांता क्रूझला जूनमध्ये माणसं उघड्या अंगाने झोपतात, तिथे हे तेल सोन्यासारखं. पण इथे रात्रभर उघड्यावर उभ्या गाडीत ते गोठून बसतं, वर चढत नाही, आणि सकाळी लोखंड लोखंडावर कोरडं घासतं. आणि तुम्ही तेरा माणसं भरून ला कुंब्रेच्या खिंडीत निघालात.

"बरं," तो म्हणाला, "मग मी काय करू, कासेरा?"

कासेरा, म्हणजे नेहमीची दुकानवाली. लाडाने हाक मारायचा शब्द. योवानाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी तुमची कासेरा नाही. माझ्याकडून तुम्ही आजवर काही घेतलेलं नाही."

"घेईन की."

ती फणकाऱ्याने फळीकडे वळली. तिची आपी थंडीने दाट होऊन वर साय धरून बसली होती. तिने पेला उचलून त्याच्या नाकासमोर धरला. हे बघा, म्हणाली, दहा मिनिटांपूर्वी पाण्यासारखी होती, आता चमचा उभा राहतो. कळलं का तुमच्या तेलाचं काय होतं ते?

त्याने पेला तिच्या हातातून घेतला, नीट पाहिला… आणि एका दमात पिऊन टाकला.

"छान आहे," तो म्हणाला. "दालचिनी थोडी जास्त झालीय."

रिकामा पेला तिच्या हातात देऊन तो गाडीत चढला. इंजिन खडखडत गेलं. योवाना त्या दिवशी आपीशिवायच आपल्या गाड्यांच्या तेलाच्या दुकानात गेली, आणि दुपारपर्यंत जो समोर आला त्याच्यावर ओरडली.

*

दुकान वडिलांचं. ते जाऊन चार वर्षं झाली होती. पुढे कॅनांची मांडणी, मागे गाडी वर उभी करायचा खड्डा. गल्ल्यावर तिची आई, दोन्या सातुर्निना, घेरदार घागरा पसरून विणत बसायची, आणि खड्ड्यात योवाना. येणारा प्रत्येक ड्रायव्हर आधी विचारायचा, मालक आहेत का? मीच, असं ती म्हणाली की तो आईकडे बघायचा. आई विणता विणताच म्हणायची, तीच हो. मग तो तिने सांगितलेलं तेल ऐकायचा, मान डोलवायचा, आणि शेजारच्या चौकातल्या एखाद्या मिशीवाल्याला विचारून तेच घ्यायला परत यायचा.

योवाना अठ्ठावीस वर्षांची होती. स्थळं आली होती, गेली होती. तिचं गणित साधं होतं… जो माणूस तेलाच्या बाबतीत आपला शब्द धरत नाही, तो बाकी कशात धरणार? आईला हे गणित पटत नसे. लग्न काय इंजिनाशी करायचंय का, असं ती विचारायची.

तो मिनीबसवाला तिसऱ्या दिवशी पत्ता काढत आला. नाव लिंबेर्त, सगळे लिंबेर म्हणायचे. तेल बदलायला नव्हे, वायपर घ्यायला. पुढच्या आठवड्यात परत आला.

"आता काय?" योवानाने खड्ड्यातूनच विचारलं.

"वायपर."

"गेल्या आठवड्यात नेलेत ना?"

"युंगासमध्ये पाऊस फार आहे."

"पावसाने वायपर विरघळतात का?"

"काही काही विरघळतात," तो गंभीरपणे म्हणाला, आणि गल्ल्यावर मँडरिन संत्र्यांची पिशवी ठेवली. पानांसकट तोडलेली, सालीवर अजून खालचं धुकं होतं. दुकानभर वास पसरला. रबराच्या, पेट्रोलच्या, जुन्या फडक्यांच्या वासावर तो वास असा काही बसला की दोन्या सातुर्निनाची सुई थांबली.

मग पिशव्या येतच राहिल्या. मँडरिन, बोटभर केळी, कधी कागदात बांधलेली कॉफी. तो एक मँडरिन सोलायचा, साल न तुटू देता एका ओढीत, आणि अर्धं फळ खड्ड्याच्या कडेवर ठेवायचा. ती काळ्या हातांनी घ्यायची नाही. मग तो एकेक फोड तिच्या समोर धरायचा, आणि ती रागाने तोंड उघडायची. रागाने खाल्लेल्या त्या फोडींची चव मात्र… असो. ओठांवर रस आणि कपाळावर तेल, असं तिचं ध्यान तो बघत बसायचा, आणि ती म्हणायची, बघताय काय, पाना द्या.

राग तिला खराच येत होता. कारण तो सगळं करत होता, तेल तेवढं बदलत नव्हता.

एका रात्री तिने मुरंब्याच्या दोन बरण्यांत दोन तेलं भरून छपरावर ठेवली. सकाळी तो आला तेव्हा दोन्ही त्याच्यासमोर एकदम आडव्या केल्या. एका बरणीतलं तेल लगेच कडेला धावलं. दुसरीतलं तसंच बसून राहिलं, मग आळसावल्या म्हाताऱ्यासारखं उठायचा विचार करू लागलं.

"हे धावतंय ते पाच-चाळीस," ती म्हणाली. "पहिला आकडा थंडीचा, दुसरा गरमीचा. पहाटे इथे आणि ला कुंब्रेवर पहिला उपयोगी पडतो. खाली उकाड्यातून माणसं भरून परत चढता, तेव्हा दुसरा. तुमच्या काकांचं तेल वाईट नाही हो. चुकीच्या गावात आलंय, एवढंच."

"तसा मीही," लिंबेर म्हणाला.

तिला हसू येणार होतं. ते तिने गिळलं.

मग त्याने सांगितलं. बाप सोडून गेला तेव्हा तो सहा वर्षांचा होता. एमेतेरिओ काकांनी त्याला ट्रकमध्ये वाढवलं. सीटमागे झोपवलं, मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला शिकवलं. ही जुनी जपानी मिनीबस घेतली तेव्हा काकांनी तेलाचं पिंप दोन दिवसांचा प्रवास करून स्वतः आणून दिलं. अर्धं अजून शिल्लक आहे. दर रविवारी फोन करून विचारतात, तेल पुरतंय ना रे?

"त्यांना काय सांगू? गटारात ओतलं म्हणून?"

"ओतू नका. परत पाठवा. नाहीतर बटाटे तळा त्यात." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "पण इंजिन मेलं तर त्यांना काय सांगणार, ते ठरवून ठेवा."

तो बरणीकडे बघत राहिला. मग त्याने अर्धं मँडरिन नेहमीसारखं कडेवर ठेवलं आणि तो गेला. आणि योवानाला कळलं की आपल्याला हा माणूस हवाय. वायपरवाला, फळंवाला, डोळा बारीक करणारा. आणि ज्याच्यापाशी आपल्या शब्दाला काडीची किंमत नाही, असाच नेमका आपल्याला हवा असावा… तिने पाना असा काही आपटला की आई गल्ल्यावरून ओरडली.

*

जुलैच्या मध्यावर, दुपारी, मिनीबस दोरीला बांधून परत आली.

योवाना दारात उभी होती. दोरी दिसली, मग दोरीमागची गाडी, मग स्टिअरिंगवर बसलेला तो. ओठ निळे पडलेले. त्या सकाळी तेलाचा लाल दिवा विझायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, त्याने रेटलं. ला कुंब्रेच्या आधीच्या चढावर इंजिनातून हातोडी मारल्यासारखे आवाज यायला लागले. त्याने तिथेच बंद केलं. बर्फाळ धुक्यात तेरा माणसं दोन तास उभी होती, त्यात एक तान्हं बाळ.

बोलायचं वाक्य तिच्याकडे महिनाभर तयार होतं. सांगितलं होतं ना मी. पण ते बाहेर आलंच नाही. ती भलतंच बोलायला लागली. टोपी कुठेय तुमची, हातमोजे कुठेत, एवढ्या थंडीत माणूस असा फिरतो का, डोकं आहे की नुसती कानटोपी टांगायची खुंटी आहे. बोलता बोलता तिचा आवाज चिरकला.

"रडताय?" त्याने विचारलं.

"पेट्रोलचा वास. डोळ्यांत जातो."

"रोज तर जात नाही…"

"रोज तुम्ही दोरीला बांधून येत नाही."

शेजारच्या मेकॅनिकने इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उघडलं. आतल्या कॅमच्या दांड्यावर ओरखडे होते, पण तो वाचला होता. बंद केलं म्हणून वाचला, असं तो म्हणाला. गाडी आणखी एक वळण गेली असती तर इंजिन बसलंच असतं. दोन दिवस काम चाललं. तिसऱ्या दिवशी मिनीबस ढकलत योवानाच्या खड्ड्यावर आणून उभी केली. आता तेल.

लिंबेर दुकानाच्या दारात उभा राहिला आणि त्याने काकांना फोन लावला. योवाना मांडणीआड कॅन पुसत होती, एकच कॅन, पुन्हा पुन्हा. तिला त्याचं बोलणं तेवढं ऐकू येत होतं. आधी बराच वेळ नुसतं हं, हं. मग तो म्हणाला, काका, तुमचं तेल मी रविवारी काढतोय. नाही, कुणी कान भरले नाहीत. मी डोळ्यांनी पाहिलं. नाही काका, तिने सांगितलं तेच बरोबर होतं, मी ऐकलं नाही, चूक माझी. पलीकडून काहीतरी मोठ्याने आलं. तो थांबला. मग अगदी हळू, पण तेच म्हणाला… मी काढतोय.

योवानाने कॅन खाली ठेवला आणि मांडणीला धरून उभी राहिली.

*

रविवारी ती लिंबेरच्या मिनीबसखाली खड्ड्यात होती, तेव्हा आईने आत येऊन कुजबुजत सांगितलं की दोघंजण आलेत. टोपली घेऊन.

योवानाने वर डोकं काढलं. लिंबेर, पांढऱ्याशुभ्र शर्टात, केस पाण्याने चप्प बसवलेले. त्याच्या शेजारी रुंद खांद्यांचे एक म्हातारे गृहस्थ, डोक्यावर गवती टोपी, इथल्या थंडीत बिचाऱ्यांचं नाक लाल झालेलं. काका. आणि दोघांच्या मधे टोपली. पाव, केळी, मँडरिन, रंगीत कागदाच्या फिती बांधलेल्या बियरच्या सहा बाटल्या.

अशी टोपली घेऊन माणसं घरी येतात ती मागणं घालायलाच.

योवाना मागच्या नळाखाली वाकली. बर्फासारख्या पाण्याने आणि कपडे धुवायच्या साबणाने तिने तोंड घासलं. गाल लालबुंद झाले, नखं काळीच राहिली. ओव्हरऑल बदलायला वेळ नव्हता. आरशाच्या तुकड्यात बघून ती स्वतःला म्हणाली, चेहरा सरळ ठेव, लगेच हो म्हणू नकोस, जरा भाव खा.

काकांनी टोपी काढली. पाठ करून आल्यासारखं ते घडाघडा बोलले. पोराने त्यांना फोनवर दुखावलं, हे खरं. दोन दिवस बसचा प्रवास करून ते त्याचा कान धरायलाच आले होते. पण त्याने बरण्या दाखवल्या. तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला बरणी दाखवायची म्हणजे… पण बरणी खोटं बोलत नाही. तर आता असं आहे, की पुढच्या रविवारी गाडी कोपाकाबानाच्या चर्चला आशीर्वादासाठी न्यायची. तेलाचा मान त्यांनी स्वतःहून सोडला. आणि लिंबेरची फार इच्छा आहे…

योवानाने श्वास धरला.

"…की या गाडीच्या तेलाची माद्रीना तुम्ही व्हावं."

लिंबेरचा चेहरा उजळून निघाला होता. एखाद्या मुलाने स्वतःच्या हाताने केलेली भेट पुढे करावी, तसा.

योवानाला आधी वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मग ऐकू आलेलं खाली उतरलं. माद्रीना, म्हणजे गाडीची मानलेली आई, झाली की ती त्याची कोमाद्रे. मानाची, घरातली, सणावारी पहिला घास जिच्या हातात द्यायचा ती. आणि कोमाद्रेकडे वाकड्या नजरेने बघणं म्हणजे सख्ख्या बहिणीकडे बघणं. त्या पापाला पाद्रीकडे माफी नाही आणि डोंगरदेवाकडेही नाही. म्हणजे या माणसाने अखेर तिचा शब्द धरला होता, त्यासाठी काकांशी भांडला होता, आणि त्या शब्दाचं बक्षीस म्हणून तिला जन्मभरासाठी बहीण करायला निघाला होता. वर पांढरा शर्ट घालून.

"नाही," ती म्हणाली.

आईने दचकून पाहिलं. मागणं घालायला आलेल्याला असं कुणी परतवत नाही. तो अपशकुन गाडीला लागतो.

"नाही म्हणजे नाही. तेल हवं तर विकत घ्या. दुकान आहे हे."

"पण…" लिंबेरचा उजेड विझायला लागला होता. "तुम्हीच म्हणायचात, मी ऐकत नाही. आता ऐकलं. याहून मोठा मान माझ्याकडे नाही, योवाना."

"तुमचा मान त्या टोपलीत ठेवा आणि घेऊन जा."

काकांनी टोपी हातात फिरवली. बाहेर मिनीबसवाल्या पोरी कोरोइको, कोरोइको असं खालच्या गावाचं नाव ओरडत होत्या. दोन्या सातुर्निनाला हा नकार सहन होण्यासारखा नव्हता. लाल नाकाचा म्हातारा माणूस दोन दिवसांचा प्रवास करून दारात आलेला. तिने विणकाम खाली ठेवलं, टोपी सरळ केली आणि उभी राहिली.

"पोरीचा स्वभाव तापट आहे, मनावर घेऊ नका," ती म्हणाली. "तिच्या वतीने मी होते माद्रीना. माझ्या नवऱ्याचं दुकान आहे. तेल माझं."

काकांच्या जिवात जीव आला. त्यांनी लगेच बाटली उघडून पेला भरला. दोन्या सातुर्निनाने तो घेतला. धरतीला दोन थेंब द्यायचे, उरलेलं प्यायचं, की शब्द झाला. तिने पेला जमिनीकडे तिरका केला.

थेंब पडायच्या आत योवानाने तो हिसकावला. बियर दोघींच्या अंगावर सांडली.

"आई, तू याची माद्रीना झालीस तर मी याची कोण होईन?"

"कोण म्हणजे…" आई चिडून म्हणाली, "बहीणच होशील, दुसरं का…" आणि तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

काकांना सगळ्यांत आधी खोकला आला. ते मागे सरकून तेलाच्या पिंपावर बसले. योवानाकडे बघितलं, मग पुतण्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "पोरा, गाडी मी तुला शिकवली. बाकीचं शिकवायचं राहून गेलं."

आपण काय बोलून बसलो, ते योवानाला तेव्हा कळलं. तिने पेला गल्ल्यावर ठेवला, पाना उचलला आणि सरळ खड्ड्यात उतरली.

जगातली तेवढी एकच जागा तिची होती. वर गाडीचं पोट, दोन्ही बाजूंना भिंत. तिने खालचा नट सोडला. हेडचं काम चालू असताना तळाशी बसलेलं जुनं तेल बाहेर आलं. जाड, काळं, हळू… सुतासारखं घमेल्यात उतरायला लागलं.

वर पावलं वाजली. बंपरच्या खाली, कडेवर, पॉलिश केलेले बूट थांबले.

"योवाना."

"गिऱ्हाइकांनी खड्ड्याजवळ यायचं नाही. पाटी लावलीय."

"मी कुठे गिऱ्हाईक? दोन वायपर तर घेतलेत." तो उकिडवा बसला असावा, आवाज जवळ आला. "मला वाटलं… माद्रीना झालात की कोपाकाबानाला माझ्याबरोबर याल. पुढच्या सीटवर. जायचे चार तास, यायचे चार तास. मी तेवढंच धरलं होतं."

"आणि नंतर चाळीस वर्षं कोमाद्रे, कोमाद्रे करत माझ्यासमोर टोपी काढणार होतात?"

"चाळीस वर्षांचं… धरलं नव्हतं."

"माणसाला तेल कळत नाही, समजू शकते. समोरची बाई दीड महिना हातातली फोड तोंडाने खातेय, तेही कळू नये?"

तेलाची धार बारीक होत थेंबांवर आली. ती मोजत होती. मोजण्यात लक्ष नव्हतं.

"कळत होतं," तो शेवटी म्हणाला. "रोज कळत होतं. परत जाताना सगळ्या वळणांवर कळत होतं. पण मान द्यायला धीर लागत नाही, योवाना. तो टोपलीत भरून आणता येतो. मागायला धीर लागतो."

"मग माग."

हे तिच्याच तोंडून आलं. तेही 'माग'. तुम्ही-आम्ही सगळं वरच राहिलं.

बूट दिसेनासे झाले. मग खड्ड्याच्या पायऱ्यांवर वाजले. तो वाकून गाडीखालून आत आला. एवढ्याशा जागेत त्याला सरळ उभं राहता येत नव्हतं, मान तिरकी करून तो तिच्यासमोर थांबला. वरून एक शेवटचा काळा थेंब सुटला आणि पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर पडला. तिने चिडून फडकं घेऊन पुसायला सुरुवात केली, डाग हातभर पसरला.

"वर जा आधी, शर्टाचं वाटोळं होतंय…"

"होऊ दे." त्याने फडक्यासकट तिचा हात धरला. "माझी माद्रीना होऊ नकोस. मानलेली कुणीच होऊ नकोस. माझ्याशी लग्न कर."

"एवढं म्हणायला तुला इंजिन फोडावं लागलं."

"हो."

"तेरा माणसांना बर्फात उभं केलंस. तान्ह्या बाळाला. माझ्या आईला भरल्या दुकानात वेड्यात काढलंस."

"आईला तू काढलंस."

"मध्ये बोलू नकोस. मी रागावलेय."

"ते दिसतंय."

"रागात मी खोटं बोलत नाही, एवढं लक्षात ठेव." तिने श्वास घेतला. हात सोडवून घेतला नाही. "हो."

त्याचा डावा डोळा बारीक झाला, मग उजवाही झाला, आणि मग तो हसतोय की रडतोय, ते गाडीखालच्या अंधारात कळेना. तिने काळ्या बोटांनी त्याच्या गालाला हात लावून पाहिलं. गाल ओला होता. पेट्रोलचा वास, असं तो म्हणाला.

वर दोन्या सातुर्निनाने दुसरा पेला भरून घेतला होता आणि तो स्वतःच प्यायला होता. एमेतेरिओ काका मांडणीसमोर उभे होते. चष्मा कपाळावर चढवून एकेक कॅन उचलत होते, आकडे वाचत होते, ठेवत होते. शेवटी त्यांनी ठरवलं की तेलाचा मान आपण उगाच सोडला, पाद्रीनो आपणच राहायचं, फक्त तेल या दुकानातलं घ्यायचं. ते खड्ड्याकडे वळले आणि घसा साफ करून म्हणाले, "सूनबाई, यातलं कुठलं काढू ते तेवढं सांग."

उत्तर आलं नाही.

त्यांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. मग दोन्या सातुर्निनाकडे बघितलं. तिने खुर्ची पुढे सरकवली आणि बसा म्हणाली. तेलाबद्दल विचारणाऱ्याला त्या दुकानात एवढा वेळ थांबावं लागण्याची ती पहिलीच वेळ होती.